शब्दाची नोंद कोण ठेवतो?

चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये दुपारी अडीचच्या सुमाराला मी फॉर्म भरून घेत बसलो होतो. पहिली पाळी सुटत होती, दुसरी चढत होती, आणि मधल्या वीस मिनिटांत चहाबरोबर हे काम उरकायचं असं ठरलं होतं. फॉर्मवर छत्तीस वाक्यं, प्रत्येकापुढे पाच चौकोन. डावीकडे 'अजिबात पटत नाही', उजवीकडे 'पूर्ण पटतं'. पंचविशीतला एक मुलगा, बोलण्यावरून लातूरकडचा, सगळीकडे मधल्याच चौकोनावर टिक करत सरळ रेषेत खाली उतरला. मी विचारलं, "वाचलंस तरी का?"

"वाचलं की सर. पण हिकडं केलं तर साहेब इचारणार, तिकडं केलं तर खोटं हुणार. मधलं बरं."

मग सव्विसाव्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे तेवढं कळलं नाही." वाक्य होतं: 'कंपनीने माझा विश्वासघात केला आहे असं मला वाटतं.' मी म्हटलं, काय कळलं नाही त्यात? तो म्हणाला, "इश्वासघात भाऊबंदकीत असतो, सर. हितं नुसता शब्द फिरवलाय. दिवाळीनंतर परमनंट करतो म्हणले हुते."

माझा धंदा आकडेशास्त्राचा. कंपन्यांसाठी कर्मचाऱ्यांच्या मनःस्थितीची सर्वेक्षणं करतो, त्यावरून मॉडेलं बांधतो, रंगीत आलेख काढून देतो. त्या मुलाचं उत्तर माझ्या फाइलमध्ये '3' म्हणून गेलं. तटस्थ. 'शब्द फिरवलाय' हे त्याचं म्हणणं ठेवायला फाइलमध्ये रकानाच नव्हता.

ते वाक्य मी मनानं लिहिलेलं नव्हतं. सॅन्ड्रा रॉबिन्सन आणि एलिझाबेथ मॉरिसन या दोघींनी 2000 मध्ये छापलेल्या प्रश्नमालेतलं ते होतं. जगभर तीच वापरली जाते आणि मी तिचा मराठी अनुवाद केला होता. अनुवाद करताना 'विश्वासघात' हा शब्द मला बिनचूक वाटला होता. पण मराठी माणूस नोकरीच्या बाबतीत तो सहसा वापरतच नाही. तो म्हणतो साहेबांनी शब्द फिरवला, गाजर दाखवलं, कोपराला गूळ लावला, तोंडाला पानं पुसली. या चारही गोष्टी वेगळ्या आहेत. गाजर दाखवणाऱ्याच्या मनात द्यायचं कधीच नव्हतं. शब्द फिरवणाऱ्यानं निदान दिला तेव्हा तरी मनापासून दिला असेल. कोपराला गूळ लावणारा दिसेल असं देतो, पण तो गूळ तोंडापर्यंत कधी पोचत नाही. आणि तोंडाला पानं पुसली जातात तेव्हा बाकीच्यांचं जेवण उरकलेलं असतं. पाच चौकोनांच्या पट्टीवर हे चारही एकाच आकड्यात कोंबले जातात.

नोकरीतल्या मोडलेल्या शब्दांच्या या अभ्यासाचा उगम भला आहे, हे आधी सांगायला हवं. क्रिस आर्जिरिस यांनी 1960 मध्ये कारखान्यातले फोरमन आणि कामगार यांच्यातल्या न बोललेल्या समजुतीला 'मनातला करार' अशा अर्थाचं नाव दिलं: फोरमननं उगाच नाक खुपसायचं नाही, पगार आणि नोकरी नीट ठेवायची, मग कामगार उत्पादन कमी पडू देत नाहीत. 1989 मध्ये डेनिस रूसो यांनी त्याची व्याख्या बदलली. हा करार माणसाच्या डोक्यात असतो. मालकानं आपल्याला काय कबूल केलंय अशी त्याची जी समजूत, तोच करार. पुढे 1994 मध्ये रॉबिन्सन आणि रूसो यांनी व्यवस्थापनाची पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या अमेरिकन तरुणांना विचारलं, तर जवळजवळ 55 टक्क्यांनी मालकानं दिलेला शब्द मोडल्याचं सांगितलं. शब्द मोडणं हा अपवाद नाही, तोच प्रघात आहे, असा त्या लेखाच्या शीर्षकाचाच सूर होता.

आकड्यांनी इथे मोठं काम केलं. त्याआधी कामगाराची नाराजी म्हणजे कटकट, रडगाणं, 'आजकालच्या पोरांना सगळं आयतं हवं'. मोजमाप आल्यावर ती शहानिशा करण्यासारखी गोष्ट ठरली. मॉरिसन आणि रॉबिन्सन यांनी 1997 मध्ये आणखी एक फरक दाखवला: शब्द मोडला हे कळणं वेगळं, आणि त्याची आग होणं वेगळं. कळणं डोक्यात घडतं, आग पोटात. कळल्यावर प्रत्येक वेळी आग होतेच असं नाही. 2000 च्या अभ्यासात त्यांनी 147 व्यवस्थापकांना नोकरीवर रुजू होण्याआधी आणि मग दीड वर्षानं, असं दोनदा विचारलं. मालकानं जाणूनबुजून फिरवलं आणि वर वागणूकही न्यायाची मिळाली नाही, असं ज्यांना वाटलं, त्यांची आग सगळ्यात जास्त निघाली.

त्यांच्या मांडणीतली शब्द मोडण्याची कारणं मराठीत घातली की माझ्यासमोर थेट आपल्या साहेबांची केबिनच उभी राहते. एक, 'करायचंच नव्हतं'. दोन, 'करायचं होतं, जमलं नाही'. तीन, 'तसं मी बोललोच नव्हतो, तुझा गैरसमज झाला'. पहिलं कोणी कबूल करत नाही. दुसरं मंदीच्या वर्षी ऐकू येतं. तिसरं बारमाही. आणि तिसरं चालतं ते एकाच कारणानं. काय बोलणं झालं होतं याचा कागद कुठेच नसतो.

माझा आक्षेप इथेच सुरू होतो. भावना मोजायला माझी हरकत नाही, पोट त्यावरच चालतं. पण गेल्या काही वर्षांत आपण नाराजी दशांशापर्यंत मोजायला लागलो आणि ज्या शब्दावरून ती आली त्याची साधी नोंदही ठेवत नाही. मोडलेला शब्द हा मालकाच्या वागण्यातला दोष असतो. फॉर्म भरून झाला की तो कर्मचाऱ्याच्या मनाचा गुण होऊन बसतो: अमक्याचा नाराजी-गुणांक 4.2. जणू त्याला ताप आलाय.

मॉडेल म्हणजे शेवटी एक समीकरण. बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूला काय ठेवायचं, हा प्रश्न गणितातला नाही. मी इतक्या कंपन्यांची कामं केली. एकीनंही मला 'आमचा कोणता शब्द कुठे मोडला ते शोधा' असं सांगितलेलं नाही. सांगतात ते असं: सोडून कोण जाणार ते काढून द्या. म्हणजे दुखणं कुठून आलं यात रस नाही, खाट कधी रिकामी होणार एवढं हवं आहे.

गंमत अशी, की त्या कामालाही हे मॉडेल धड येत नाही. 2007 मध्ये एकावन्न अभ्यास एकत्र करून जो आढावा घेतला गेला, त्यात शब्द मोडल्याचा संबंध अविश्वासाशी दिसला, कामातल्या समाधानाशी दिसला, सोडून जावंसं वाटण्याशी दिसला. प्रत्यक्ष सोडून जाण्याशी मात्र दिसला नाही. पुणे-मुंबईत ज्याच्या घराचा हप्ता चालू आहे त्याला हे कुठल्या नियतकालिकात वाचायची गरज नाही. माणूस नाराज होतो आणि राहतो. सात वाजेपर्यंत थांबायचा तो सहालाच निघतो, नव्या पोराला काही शिकवत नाही, बैठकीत 'हो सर' म्हणतो. ज्याला जावंसं वाटतं आणि ज्याला जाता येतं ते दोघे वेगळे असतात, आणि जो गेलेला असतो तो पुढच्या ऑक्टोबरात माझा फॉर्म भरायला नसतोच. सगळ्यात जास्त पोळलेली माणसं फाइलमधून आपोआप गळतात. मग वर्षाच्या शेवटी सरासरी सुधारलेली दिसते आणि मनुष्यबळ विभाग पेढे वाटतो.

दाराच्या आत न आलेल्यांचं काय? फेब्रुवारी 2023 मध्ये विप्रोनं वर्षाला साडेसहा लाखांवर निवडलेल्या, पण रुजू व्हायची वाट बघत असलेल्या नव्या पदवीधरांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं. 'नाइट्स' या पुण्याच्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं त्यावर जाहीर आक्षेप घेतला. कंपनीनं बदललेल्या व्यावसायिक परिस्थितीचं कारण दिलं, म्हणजे वरच्या यादीतलं दुसरं. कारण खरं मानलं तरी या मुलांची आग कोणत्या सर्वेक्षणात आली असती? एकाही नाही. ते कर्मचारीच नव्हते. शब्द नोकरीच्या आधी दिला जातो आणि मोजणी नोकरी लागल्यावर सुरू होते. या प्रकरणात निदान आकडा ईमेलमध्ये लिहिलेला होता, म्हणून देशाला कळलं. कॉलेजच्या सभागृहात माइकवरून जे सांगितलं जातं ते हवेत विरतं.

आता थोडं गणिताबद्दल. बहुतेक कंपन्या वजाबाकी करतात. कबूल किती, मिळालं किती, फरक म्हणजे नाराजी. पाच कबूल करून तीन दिले, फरक दोन. तीन कबूल करून एक दिला, तरी फरक दोन. आलेखावर दोघे एकाच ठिपक्यावर. एकाला निदान पोटभर मिळालंय आणि दुसऱ्याच्या पानात लोणच्याची फोड, हे वजाबाकीला दिसत नाही. लिसा लॅम्बर्ट, जेफ्री एडवर्ड्स आणि डॅनियल केबल यांनी 2003 मध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवून बघितलं, तेव्हा कळलं की थोडं कबूल करून तेवढंच देणं आणि भरपूर कबूल करून भरपूर देणं यांत शब्द पाळलेला असला तरी समाधान सारखं नसतं. 'अपेक्षाच कमी ठेवा म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही' हा जो सल्ला प्रत्येक प्रशिक्षणात दिला जातो, तो इथे आपटतो.

एक गोष्ट मात्र मॉडेलला चांगली जमते आणि ती वापरली तर कामगाराच्या बाजूची आहे. नाराजीतला किती भाग माणसामाणसातल्या फरकाचा आणि किती भाग विभागाविभागातल्या फरकाचा, हे वेगळं काढता येतं. एका कामात मी ते काढलं. पेंट शॉपची, म्हणजे रंगकामाच्या विभागाची, नाराजी इतकी एकसारखी आणि इतकी जास्त निघाली, की ती माणसांच्या स्वभावाची असणं शक्यच नव्हतं. तिथल्या सगळ्यांनाच कोणीतरी काहीतरी सांगितलं होतं आणि केलं नव्हतं. मी अहवालात ते ठळक करून लिहिलं. कंपनीनं काय करावं? पेंट शॉपसाठी शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, 'मानसिक लवचीकता' या विषयावर कार्यशाळा ठेवली. जेवणात गुलाबजाम होते म्हणे.

त्याच फाइलमध्ये आणखी एक गोष्ट होती. फॉर्मवर नाव नव्हतं, पण विभाग होता, वयोगट होता, स्त्री की पुरुष ते होतं, नोकरीची वर्षं होती. पेंट शॉपमध्ये सहा ते दहा वर्षं झालेली बाई एकच होती. 'निनावी सर्वेक्षण' या शब्दाला तिच्यापुरता काही अर्थ उरला नाही. मी ते रकाने मोडून ढोबळ गट केले आणि मगच फाइल पुढे पाठवली. पण ते माझ्या मनावर होतं, नियम म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या 2023 च्या कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा ठेवलेली आहे. ती मुभा हजेरी आणि पगारापुरती की कामगाराच्या मनातल्या आगीचा अंदाज बांधण्यापर्यंत, यावर आपल्याकडे अजून भांडणसुद्धा झालेलं नाही. कामगार संघटनांनी ते उकरून काढायला हवं. त्या लातूरच्या मुलाला कायद्याचं कलम माहीत नव्हतं, पण मधला चौकोन का निवडायचा हे पक्कं माहीत होतं.

तर मग काय मोजायचं? एक प्रकरण सांगतो, त्यात फॉर्म कुठेच नव्हता. महाराष्ट्र सरकारनं 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू होणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद केली. पण हजारो जण असे होते की ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेच्या आधीची आणि रुजू होणं नंतरचं. अर्ज केला तेव्हा जाहिरातीमागे जुनी पेन्शन उभी होती, नेमणूक हातात पडेपर्यंत ती गेली होती, आणि उशीर झाला तो बहुतेक वेळा सरकारच्याच दप्तरात. मार्च 2023 मध्ये राज्यभर सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, 14 ते 20 तारखेपर्यंत. त्याच मार्च महिन्यात केंद्रानं आपल्या अशाच अडकलेल्या कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला आणि 2024 च्या सुरुवातीला राज्यानंही दिला. जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची असेल तर जुनी पेन्शन निवडता येईल.

या लोकांच्या भावना अठरा-एकोणीस वर्षं तीव्र होत्या. शिक्षकांच्या कुठल्याही स्टाफरूममध्ये बसलात तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. पण निवाडा भावनेच्या तीव्रतेवर झाला नाही, एका तारखेवर झाला. जाहिरातीचा कागद होता, त्यावर दिनांक होता, म्हणून 'तसं आम्ही बोललोच नव्हतो' म्हणायची सोय सरकारला राहिली नाही. 2005 च्या नंतरच्या जाहिरातीवर लागलेल्यांची आग काही कमी नाही, तेही त्या संपात होते. पण त्यांच्या हातात कागद नाही. त्यांचं भांडण वेगळं आहे, आणि ते जास्त अवघड आहे.

कारखान्यांत आणि कंपन्यांत मला हा कागद हवा आहे. शब्दांची वही म्हणा. निवडीच्या वेळी, बढतीच्या चर्चेत, सगळ्यांना बोलावून घेतलेल्या सभेत व्यवस्थापनानं जे जे सांगितलं ते, कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, कधीपर्यंत करायचं, आणि झालं की नाही. यात आकडेशास्त्र काहीच नाही. वाण्याच्या उधारीच्या वहीत यापेक्षा जास्त रकाने असतात. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं, ते चांगलंच झालं. पण नेमणूकपत्र एका दिवसाचं असतं. शब्द नंतर वर्षानुवर्षं दिले जातात, आणि 'दिवाळीनंतर परमनंट' हे कुठल्या नेमणूकपत्रात येणार? उलट 240 दिवस भरले की सलग वर्षाची नोकरी धरतात, म्हणून त्याच्या आत ब्रेक द्यायचा, हे न लिहिलेलं कलम मात्र ठेकेदाराला तोंडपाठ असतं.

शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमानं दरवर्षी जबाबदारीचा एक अहवाल द्यावा लागतो. त्यात किती लोक सोडून गेले ते असतं, कामाच्या परिस्थितीबद्दल किती तक्रारी आल्या तेही असतं. त्यातच आणखी दोन आकडे मागवता येतील: वर्षात किती शब्द दिले, मुदतीत किती पाळले. शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे कामगार-व्यवस्थापन समितीची तरतूद कायद्यात आहेच, ती बहुतेक ठिकाणी कँटीनच्या भजीवर चर्चा करत असते. वही तिच्या ताब्यात द्या. मग भावनांचं सर्वेक्षणही करा, जरूर करा, पण वहीशेजारी ठेवून. एखाद्या विभागात शब्द पाळूनही लोक चिडलेले असतील तर ते कळेल, आणि शब्द मोडूनही लोक गप्प असतील तर ते जास्त महत्त्वाचं.

यावर एका मनुष्यबळ प्रमुखांनी मला दिलेलं उत्तर वजनदार होतं. ते म्हणाले, "अहो, वही ठेवली तर साहेब लोक बोलायचेच बंद होतील. आज निदान पाठीवर हात ठेवून 'बघू आपण' म्हणतात. उद्या वकिलाला विचारल्याशिवाय 'शुभ दीपावली' पण म्हणणार नाहीत." हे होईल. काही प्रमाणात नक्की होईल. आणि वरच्या 2003 च्या अभ्यासाचं ऐकायचं तर काहीच कबूल न करणारा आणि काहीच न देणारा मालक ही काही आनंदाची गोष्ट नाही. वही आल्यावर कामाच्या जागेवरचा थोडा ओलावा जाणार, हे मी मान्य करतो. फक्त त्या ओलाव्याची किंमत आजवर कोण भरत आलं, ते बघा. अशाच एका शब्दावर चाकणच्या त्या पोरानं गावाकडे लग्नाची बोलणी सुरू करू दिली होती.

हे मला नंतर कळलं, त्याच कँटीनमध्ये. फॉर्म जमा झाल्यावर त्यानं मोबाइल काढून एक फोटो दाखवला. खोलीवरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा, ऑगस्ट महिना. एका चौकटीत निळ्या पेनानं लिहिलेलं होतं: 'साहेब बोलले. दिवाळीनंतर.' खाली वेळही होती, 4.10.

पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये मी एक मोकळी ओळ घातली: 'तुम्हाला कोणी, कधी, काय सांगितलं होतं?' मसुदा मंजुरीला वर गेला. परत आला तेव्हा सदतिसावा प्रश्न खोडलेला होता आणि समासात शेरा होता की या उत्तराला आकडा देता येत नाही.